दिवंगत नटांचीं चरित्रें आणि त्यांचीं साधनें

मराठी नटांचीं जीं चरित्रें व आत्मचरित्रें आजवर छापून प्रसिद्ध झालीं आहेत, त्यांचा इतिहासाचें साधन या दृष्टीनें विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. सनदा, महजर, करीने व बखरी यांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. नट म्हणजे दोन घटका मनोरंजन करणारा; त्याच्या चरित्रांत संशोधन तें कसलें, असा आक्षेप प्रस्तुत लेखकानें स्वतःही एके काळीं घेतला होता. त्या आक्षेपाची किंमत काय पडली हें लेखाच्या उत्तरार्धांत सांगितलें आहे.

लोकरंजन करणाऱ्यांचे कागद जमविण्याचा प्रघात आपल्याकडे मुळींच नव्हता असें नाहीं. ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापला. यशवंत नरसिंह केळकर यांचे 'ऐतिहासिक पोवाडे' १९२८ सालीं निघाले. या दोन्ही उद्योगांचें ऋण मोठें आहे. तथापि पहिल्या संग्रहाचें नांवच पाहावें: 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे'. प्रसिद्ध कोण, तर ज्यांच्यावर पोवाडा रचला गेला ते. ज्यानें तो रचला आणि डफावर थाप मारून रात्रभर गाइला, तो नव्हे. शाहिराचें नांव शेवटच्या चौकांत येतें म्हणून तेवढें तरी टिकलें. त्याच्या मागें उभे राहून झील धरणाऱ्याचें आणि तुणतुणें वाजविणाऱ्याचें बहुधा तेवढेंही टिकलें नाहीं. आम्हीं पोवाडे जपले ते सरदारांसाठीं. शाहीर त्यांच्याबरोबर अनायासें वांचला.

ही उपेक्षा आजची नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या अखेरीस नटांस झालेल्या शापाची कथा आहे. भरतपुत्रांनीं ऋषींची टवाळी करणारा प्रयोग केला, ऋषि कोपले, आणि नटांचा वंश हीनाचारी होईल असा शाप त्यांनीं दिला. पुढें नहुष राजाच्या विनंतीवरून तेच नट नाट्य घेऊन भूमीवर उतरले. नाट्याला पांचवा वेद म्हणणाऱ्या ग्रंथांतच नाट्य करणाऱ्याला शाप आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मनुस्मृतींतही शैलूषाचें अन्न वर्ज्य अन्नांत गणिलेलें आहे. संस्कृत नाटकांच्या प्रस्तावना पाहिल्या तर सूत्रधार कवीचें नांव सांगतो, भवभूतीसारखा कवि असल्यास त्याचें गोत्र व घराणेंही सांगतो. स्वतःचें नांव मात्र बहुधा सांगत नाहीं. कालिदासाची शकुंतला पहिल्यानें कोणीं उभी केली, हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं.

याला बाणभट्टाचा एक सुंदर अपवाद आहे. हर्षचरिताच्या पहिल्या उच्छ्वासांत तरुणपणच्या सोबत्यांची यादी देतांना त्यानें कवि व पंडित यांच्या पंक्तींतच शिखंडक नांवाचा तरुण नट, तांडविक नांवाचा नर्तक आणि हरिणिका नांवाची नर्तकी यांस बसविलें आहे. त्यांच्या कलेविषयीं तो तेथें विस्तार करीत नाहीं. केवळ नांव देतो. तेराशें वर्षें लोटलीं तरी तीं नांवें उरलीं, तीं एका मित्रानें यादी केली म्हणून. स्तुतीचे शब्द ज्यांस लाभले त्यांच्यापेक्षां यादींत ज्यांचीं नांवें आलीं त्यांची स्मृति अधिक खरी राहिली, असें मला वाटतें. पुढील सर्व विवेचनाचा रोंख या एका गोष्टीकडे आहे.

आतां मराठीकडे वळूं. विष्णु अमृत भावे यांनीं सांगली येथें ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला आणि तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ मानण्याची रीति पडली. तंजावरच्या भोसले राजांचीं मराठी नाटकें त्याहून जुनीं आहेत. तो वाद येथें नको. सांगलीच्या या आरंभाविषयीं जें सर्वत्र सांगितलें जातें, त्याचा बराच भाग खुद्द भाव्यांनीं १८८५ सालीं छापलेल्या 'नाट्यकवितासंग्रहा'च्या प्रस्तावनेवर आधारलेला आहे. म्हणजे घटना आणि तिचें लेखन यांत ४२ वर्षांचें अंतर, आणि सांगणारा स्वतः त्या घटनेंतील मुख्य पुरुष. एखाद्या बखरकारानें ४२ वर्षांनीं लिहिलेल्या लढाईच्या हकीकतीस आपण जी कसोटी लावतों, तीच या प्रस्तावनेस लावली पाहिजे. तेवढ्यानें ती टाकाऊ ठरत नाहीं. तिची जात कळते इतकेंच. भावे १९०१ सालीं वारले. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९०३ मध्यें, अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा 'मराठी रंगभूमि' हा ग्रंथ निघाला. पहिल्या पिढीचे प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें त्या वेळीं हयात होतीं, हें त्या ग्रंथाचें बळ. श्री. ना. बनहट्टी यांच्या 'मराठी रंगभूमीचा इतिहास' या ग्रंथाचा पहिला खंड १९५७ सालीं आला, तेव्हां तीं माणसें उरलीं नव्हतीं; उरले होते ते कागद.

किर्लोस्कर मंडळीच्या बाबतींत आपली स्थिति बरीच बरी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें चरित्र शंकर बापूजी मुजुमदार यांनीं लिहिलें. ते मंडळींतले नट, पुढें तिचे चालक आणि 'रंगभूमि' मासिकाचे संपादक. 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहांत ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं झाला, आणि आरंभींच्या त्या प्रयोगांत शकुंतलेची भूमिका मुजुमदारांकडेच होती. १८८२ सालीं बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळींत आले आणि ती भूमिका त्यांच्याकडे गेली. वाचकानें हें ध्यानांत ठेवावें. ज्याची भूमिका दुसऱ्याच्या वांट्यास गेली तोच पुढें त्या काळाचा इतिहासकार झाला. मुजुमदारांच्या सचोटीविषयीं शंका घेण्याचा हेतु नाहीं. अशा माणसाच्या लेखनास तर अधिकच मोल आहे. परंतु साक्षीदार कोठें उभा होता हें ठाऊक नसेल, तर साक्ष कशी वाचावी हें कळत नाहीं.

भाऊरावांचें उदाहरण आणखी एका कारणानें बोधप्रद आहे. ते १३ फेब्रुवारी १९०१ रोजीं अवघ्या अडतिसाव्या वर्षीं वारले. ग्रामोफोन कंपनीचे लोक ध्वनिमुद्रणासाठीं हिंदुस्थानांत आले ते १९०२ च्या अखेरीस. पावणेदोन वर्षांच्या या अंतरामुळें ज्या आवाजानें महाराष्ट्र वेडें केलें तो ऐकण्याचा मार्ग आपणांस कायमचा बंद झाला. मग चरित्रकारांनीं काय केलें? विशेषणें जमविलीं. गळा गोड, धारदार, चपल, सौंदर्य अलौकिक, प्रेक्षक तल्लीन. हे शब्द खोटे नसतील, पण ते भाऊरावांविषयीं जितके खरे तितकेच दुसऱ्या दहा गायक-नटांविषयींही लिहिलेले सांपडतात. जें विशेषण कोणासही लागूं पडतें तें कोणाचेंही स्मारक होऊं शकत नाहीं.

वास्तविक भाऊरावांच्या गाण्याचें एक साधन आपल्या हातांत आहे. किर्लोस्करांच्या छापील नाटकांत प्रत्येक पदावर त्याची चाल दिलेली असते. लावणीची चाल कोणती, कानडी पदाची कोणती, बायकांच्या गाण्यांतून उचललेली कोणती, हें तेथें दिसतें. 'शाकुंतल', १८८२ चें 'सौभद्र', १८८४ चें 'रामराज्यवियोग' यांच्या जुन्या आवृत्त्या समोर ठेवून नायिकेच्या तोंडच्या पदांच्या चालींची यादी केली, तर त्या गळ्याकडून काय काय अपेक्षिलें जात होतें याचा तरी ठाव लागतो. आवाज मिळत नाहीं. आवाजाचा मार्ग मिळतो. ज्यांच्याकडे या नाटकांच्या जुन्या प्रती आहेत त्यांनीं पुढील आवृत्तींत कोणतें पद गळालें व कोणतें वाढलें हें ताडून पाहावें.

यंत्रानें आवाज धरला म्हणजे सर्व मिळालें, असेंही नव्हे. बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले; त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर होत्या. पण तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची, आणि रंगभूमीवर तेंच पद 'वन्स मोअर' घेत किती वेळ चाले हें जुन्या प्रेक्षकांनीं सांगितलेलें आहे. १९३५ च्या 'धर्मात्मा' बोलपटांत ते दिसतात ते एकनाथ महाराजांच्या वेषांत. ज्या स्त्रीभूमिकांनीं त्यांचें नांव झालें त्यांची कल्पना त्यावरून करणें कठीण. साधन यांत्रिक असलें तरी तें साधनच. त्याचीही छाननी करावी लागते.

नटांनीं स्वतः लिहिलेल्या ग्रंथांत गणपतराव बोडस यांची 'माझी भूमिका' (१९४०), गोविंदराव टेंबे यांचा 'माझा जीवनविहार' (१९४८) आणि चिंतामणराव कोल्हटकर यांचा 'बहुरूपी' (१९५७) हे तीन अग्रगण्य. वाङ्मय म्हणून त्यांची योग्यता वादातीत आहे. 'बहुरूपी'स साहित्य अकादमीचें पारितोषिकही मिळालें. तालीम कशी चाले, बिऱ्हाडांतली पंगत कशी बसे, मालक व भागीदार यांचीं मनें कशीं फाटत, हें जितकें या ग्रंथांतून कळतें तितकें कोणत्याही परक्या इतिहासकाराकडून कळणार नाहीं. दोष सांगावयाचा तर तिथि-वर्षांचा. नट काळ मोजतो तो मुक्कामांनीं व नाटकांनीं. 'अमुक नाटक बसलें तेव्हां' हा त्याचा शक. एखादी घटना पुण्याच्या मुक्कामांत घडली एवढें सांगून तो पुढें जातो, आणि पुण्याचे मुक्काम तर दरसाल होत.

दुसरा दोष पक्षाचा. १९१३ सालीं बालगंधर्व, बोडस व टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळींतून निघाले आणि त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढें बोडस व टेंबे दोघेही ती सोडून गेले. या प्रकरणाविषयीं दोघांचेही ग्रंथ आहेत. ते शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे, एकाच्या आधारें दुसऱ्यास खोटें पाडण्यासाठीं नव्हे, तर दोघेही ज्या ठिकाणीं मौन धरतात तें ठिकाण ओळखण्यासाठीं. भाऊबंदकीच्या दोन कैफियती वाचण्याची ज्यांस संवय आहे त्यांना ही रीति नवीन नाहीं.

तिसरें साधन आख्यायिकांचें. येथेंच माझा मुख्य मतभेद आहे. नटाच्या चरित्रांतून आख्यायिका काढून टाका असें मी म्हणत नाहीं. प्रेक्षकांनीं नटांत काय पूजिलें हें आख्यायिकेवरूनच कळतें. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेला 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग घ्या. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. या रात्रीचें वर्णन जणूं दोन मल्लांच्या कुस्तीचें असावें तसें केलें जातें. कोणी कोणास जिंकलें यावर तीन पिढ्या वाद घातला गेला. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, एकतिसाव्या वर्षीं वारले. वादांतला एक पक्ष बोलावयास उरलाच नाहीं. पुढें जें लिहिलें गेलें तें सर्व या मृत्यूच्या छायेंत लिहिलें गेलें, हें लक्षांत न घेतां त्या रात्रीच्या आठवणी वाचणें म्हणजे मृत्युलेखास अहवाल समजणें होय. त्या रात्रीचा हस्तपत्रक, तिकिटांचे दर, फंडास दिलेल्या रकमेचा हिशेब आणि दुसऱ्या दिवशींचें वर्तमानपत्र हीं चार साधनें एकत्र आलीं, तर कुस्ती जाऊन तेथें दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं एका सार्वजनिक कार्यासाठीं केलेला व्यवहार दिसूं लागेल. आणि तो कांहीं कमी थोर नाहीं.

दुसरी आख्यायिका याहूनही प्रसिद्ध. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. बहुतेक चरित्रांत हा प्रसंग कलानिष्ठेचा कळस म्हणून येतो. त्या पित्याच्या दुःखाविषयीं शंका घेण्याचा अधिकार कोणासही नाहीं. माझा प्रश्न निराळा आहे: ही एका माणसाची असामान्य निष्ठा होती, कीं त्या धंद्याचा सामान्य नियम होता? प्रयोग बंद ठेवला तर शंभर माणसांच्या बिऱ्हाडाची चूल काय म्हणेल, या विचारानें किती नट असे उभे राहिले असतील? आख्यायिका एकाचें नांव घेते आणि इतरांवर पडदा टाकते.

आतां माझी स्वतःची हकीकत. १९८९ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत मी हस्तलिखितांच्या शोधार्थ कृष्णाकांठच्या एका गांवीं गेलों होतों. त्या वेळीं मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें, आणि सुटी म्हणजे जुनीं घरें धुंडाळणें असा माझा क्रम होता. एका वाड्यांत पोथ्या आहेत असें कळल्यावरून तेथें उतरलों. घरच्या वृद्ध गृहस्थांनीं माडीवरून दोन रुमाल आणि एक पत्र्याची पेटी खालीं आणविली. रुमालांत पेशवाईच्या अखेरच्या काळांतला एक मोडी कर्जरोखा आणि दोन-तीन देवस्थानच्या यादी होत्या. त्या मीं आनंदानें उतरून घेतल्या. पेटींत त्यांच्या आजोबांचे कागद होते. ते एका लहानशा फिरत्या नाटक मंडळीचे व्यवस्थापक होते. पेटींत जमाखर्चाच्या वह्या, नटांच्या नकलांच्या वह्या, तांबड्या-हिरव्या कागदांवर छापलेलीं हस्तपत्रकें आणि कांहीं पत्रें, असा भरणा होता. गृहस्थ म्हणाले, "मास्तर, हेंही घेऊन जा, आमच्या मागें हें कोण ठेवणार?" मीं उत्तर दिलें कीं हें ऐतिहासिक नाहीं.

तें उत्तर देण्यापूर्वीं एक वही मीं सहज उघडली होती. उजव्या बाजूस रोजचा खर्च: दिवाबत्ती, पडद्याची दोरी, दूध, गाडीभाडें. एका तारखेस एका नटाचें नांव, त्यापुढें 'देवाज्ञा', खालीं लांकडें व गोवऱ्या यांची रक्कम. त्याच्याही खालीं, त्याच तारखेस, 'खेळ झाला' आणि उत्पन्नाचा आंकडा. मीं तें वाचलें, क्षणभर थांबलों, आणि वही मिटली. तें नांव मीं टिपून घेतलें नाहीं.

१९९६ सालीं, कांहींसें शहाणपण आल्यावर, मी पुन्हां त्या गांवीं गेलों. गृहस्थ वारले होते, वाडा विकला गेला होता, आणि पेटी रद्दीवाल्याच्या गाडीवर चढून सहा वर्षें झालीं होतीं. कर्जरोख्यांतील सावकाराचें व कुळाचें नांव माझ्या टिपणवहींत आजही आहे. ज्या नटाच्या चितेचा खर्च लिहून त्याच्या सोबत्यांनीं त्याच रात्रीं तोंडाला रंग लावला, त्याचें नांव मात्र जगांत एका वहींत होतें आणि एका माणसानें तें वाचलें होतें. त्या माणसानें तें विसरून टाकलें. भामिनीच्या आख्यायिकेविषयीं वर जो प्रश्न मीं विचारला, त्याचें उत्तर देणारा पुरावा माझ्या हातांत होता. तो मींच परत पेटींत ठेवला.

म्हणून नटचरित्रांवर माझा मुख्य आक्षेप हा कीं, तीं विशेषणांनीं व आख्यायिकांनीं एका नटास मोठा करतात आणि ज्या धंद्यानें त्यास मोठा केला तो धंदा पुसून टाकतात. या धंद्यांतल्या किती तरी माणसांस चरित्रच नाहीं. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती झालेले अण्णा साळुंके पूर्वीं मुंबईच्या एका उपाहारगृहांत काम करीत. १९१७ च्या 'लंकादहनां'त ते राम व सीता दोन्ही झाले. चित्रपटाच्या इतिहासांत त्यांचें नांव या दोन-चार वाक्यांपुढें क्वचितच जातें. त्याच १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुरां'त दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाल्या. स्त्रियांनीं हें काम करणें निंद्य मानलें जात होतें त्या दिवसांत त्यांनीं तें केलें. कमलाबाई दीर्घायुषी झाल्या, त्यांच्यावर १९९० नंतर माहितीपटही निघाला; आईच्या वांट्यास एवढेंही आलें नाहीं. तमाशाच्या बाजूस पठ्ठे बापूरावांचें नांव सर्वतोमुखीं आहे. ज्या पवळेच्या गळ्यानें त्यांच्या लावण्या गांवोगांव पोंचल्या तिची हकीकत मात्र बापूरावांच्या चरित्राचें एक प्रकरण म्हणूनच सांगितली जाते.

कागद जातात तशा वास्तूही जातात. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं बांधविलेलें पॅलेस थिएटर पुढें केशवराव भोसले यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं तें आगींत भस्मसात् झालें. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. नाटकगृह पुन्हां बांधतां येतें. एका मंडळीची जमाखर्चाची वही पुन्हां लिहितां येत नाहीं.

या त्रैमासिकाच्या वाचकांपाशीं यावर उपाय आहे, कारण कागद कसा वाचावा हें त्यांस ठाऊक आहे. नाटकाच्या हस्तपत्रकावर वार व तारीख असते, साल पुष्कळदां नसतें; म्हणून संग्राहक तें निरुपयोगी मानून टाकून देतात. परंतु तीच तारीख त्याच वारीं पांच, सहा किंवा अकरा वर्षांनीं फिरून येते. समजा एखाद्या पत्रकावर 'रविवार, ३१ ऑक्टोबर' एवढेंच आहे. जंत्रीवरून १८७५, १८८० व १८८६ हीं तिन्ही वर्षें जुळतील. नाटक 'शाकुंतल' आणि चालक अण्णासाहेब किर्लोस्कर असल्यास १८७५ बाद होतें, कारण तेव्हां तें नाटक नव्हतें. १८८६ बाद होतें, कारण अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजीं वारले. उरतें तें १८८०. जोडीला तिथि छापलेली असेल तर निर्णय याहूनही सोपा. छापखान्याचें नांव, तिकिटांचे दर, नाटकगृहाचें नांव हीं आणखी तीन गमकें. सनदेवरील शिक्क्याची जेवढी चिकित्सा आपण करतों तिच्या चतुर्थांश श्रमांत हें होण्याजोगें आहे.

तेव्हां विनंति एवढीच. पोथ्या पाहावयास जाल तेव्हां शेजारची पेटीही उघडावी. नाटकाच्या नकलेची वही सांपडली तर तिच्या मुखपृष्ठावर नटाचें नांव आहे का पाहावें. समासांत पेन्सिलीनें केलेल्या खुणा पुसूं नयेत, त्या तालीममास्तरांच्या असतात. जमाखर्चाची वही मिळाल्यास निदान तिच्यांतील माणसांचीं नांवें, गांवें व तारखा उतरून घ्याव्या. छायाचित्राच्या मागें कोण उभें आहे हें घरांतल्या सर्वांत वडील माणसास विचारून त्याच दिवशीं लिहून ठेवावें. पुढल्या खेपेस विचारूं असें म्हणूं नये. स्तुति नंतर कोणीही लिहील. बाणभट्टानें आपल्या मित्रांसाठीं जें केलें तेवढें आधीं व्हावें: यादी.

माझ्या टिपणवहींत त्या कर्जरोख्याच्या नकलेखालीं मीं एक ओळ कोरी ठेविली आहे. ती भरली जाणार नाहीं हें मला ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाच्या वहींत तशी ओळ कोरी राहूं नये, एवढ्यासाठीं हें लिहिलें.